गोळी एक, घरातली माणसे तीन

प्रश्न : माझे वय ४२ आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या अंगावर वारंवार पित्त उठू लागले, तेव्हा डॉक्टरांनी सेटिरिझिनची १० मिलिग्रॅमची गोळी रोज रात्री एक, अशी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. तिने इतका आराम पडला की पुढे ती मी स्वतःच चालू ठेवली. त्रास जास्त वाटला तर कधी दिवसातून दोनही घेते. गेल्या महिन्यात प्रवासात गोळ्या संपल्या आणि तिसऱ्या दिवशी अंगभर अशी खाज सुटली की रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. गोळी पुन्हा सुरू केल्यावर खाज थांबली. मला या गोळीचे व्यसन लागले आहे का? माझ्या ७४ वर्षांच्या वडिलांच्या पाठीला आणि पायांना खाज येते, म्हणून चार महिन्यांपासून त्यांनाही हीच गोळी रोज देते. त्यांचे क्रिएटिनिन थोडे वाढलेले आहे आणि प्रोस्टेटचाही त्रास आहे. अलीकडे ते दिवसाही पेंगतात, एकदा तर तोल जाऊन पडता पडता वाचले; पण ते वयामुळे असेल. पाच वर्षांच्या मुलाला सर्दी झाली की त्याला अर्धी गोळी देते. एवढ्या साध्या गोळीने काही बिघडू शकते का?

उत्तर : तुमचा मुख्य प्रश्न तुमच्या स्वतःच्या खाजेविषयी आहे आणि त्याचे सविस्तर उत्तर मी पुढे देणार आहे, परंतु पत्र वाचताना मी थांबले ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यापाशी, की वडील दिवसाही पेंगतात आणि एकदा पडता पडता वाचले. म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहिते. त्यांच्या डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत त्यांना ही गोळी देऊ नका, आणि ते बोलणे शक्यतो उद्याच होऊ द्या. गोळी थांबवल्यावर काही दिवस त्यांची खाज थोडी वाढल्यासारखी वाटेल. ती त्रासदायक असली तरी धोक्याची नाही. या वयात तोल जाऊन पडणे आणि मांडीचे हाड मोडणे मात्र धोक्याचे आहे.

सेटिरिझिनचे एक वैशिष्ट्य असे की यकृतात ते फारसे मोडत नाही. घेतलेल्या मात्रेपैकी सुमारे ७० टक्के भाग लघवीवाटे बाहेर पडतो, आणि त्यातलाही बहुतांश जसाच्या तसा. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ८ तास लागतात, त्यामुळे आज रात्री घेतलेल्या गोळीतले उद्या रात्रीपर्यंत फारसे काही उरलेले नसते. मूत्रपिंडांचे काम मंदावले की हा काळ लांबत जातो. कालच्या गोळीतले शिल्लक राहिलेले औषध आजच्या गोळीत मिसळते, परवा त्यात आणखी भर पडते, आणि काही दिवसांतच माणूस रोज एकच गोळी घेत असूनही त्याच्या शरीरात मात्र दोन-तीन गोळ्यांइतके औषध फिरत असते. तुम्ही जिला वयाची पेंग समजता, ती बहुधा या साठलेल्या औषधाची असावी.

‘क्रिएटिनिन थोडे वाढलेले आहे’ हे वाक्य मी अनेक पत्रांत वाचते आणि दर वेळी मला ते अस्वस्थ करते. क्रिएटिनिन हा मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचा पदार्थ स्नायूंमध्ये तयार होतो. वयाबरोबर स्नायू झडतात, आणि म्हणून चौऱ्याहत्तर वर्षांच्या कृश माणसाच्या अहवालात जो आकडा किंचितच जास्त दिसतो, त्याच्यामागे मूत्रपिंडांच्या क्षमतेत झालेली बरीच मोठी घट दडलेली असू शकते. त्यापेक्षा अहवालात ‘ईजीएफआर’ असे लिहिलेला आकडा शोधा. वय आणि लिंग हिशेबात घेऊन मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेचा तो अंदाज असतो. हा आकडा ६० आणि ३० यांच्या दरम्यान असेल, तर सेटिरिझिनची मात्रा सामान्यतः निम्मी, म्हणजे दिवसातून एकदा ५ मिलिग्रॅम ठेवतात. ३० च्या खाली असेल तर तेवढीच मात्रा दिवसाआड देतात, आणि १५ च्याही खाली गेला तर हे औषध सहसा टाळतात. वेगवेगळ्या देशांतल्या सूचनांमध्ये या सीमारेषा थोड्या पुढेमागे असतात, परंतु १० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी रोज देण्याआधी मूत्रपिंडांचा अहवाल पाहिला पाहिजे, याबाबत त्यांच्यात दुमत नाही.

प्रोस्टेटचा मुद्दा याहून वेगळा आहे. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन अशी जी जुन्या पिढीची अँटिहिस्टामिन औषधे (म्हणजे सेटिरिझिनसारखीच, शरीरातल्या हिस्टामिन या खाज आणणाऱ्या रसायनाचे काम अडवणारी) आहेत, ती हिस्टामिनखेरीज अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या दुसऱ्या रसायनाचेही काम अडवतात. त्यामुळे तोंडाला कोरड पडते, दृष्टी धूसर होते, बद्धकोष्ठ होते, आणि मूत्राशयाच्या स्नायूचा जोर कमी पडून लघवी तुंबू शकते. वृद्धांमध्ये तर मनाचा गोंधळही उडतो. सेटिरिझिनमध्ये हा दोष पुष्कळ कमी आहे, परंतु ज्यांची लघवी मुळातच अडखळते अशांच्या बाबतीत त्याच्याही माहितीपत्रकात सावधगिरीची सूचना असते. वडिलांना हे विचारायला संकोच वाटत असेल तरी विचारा: गेल्या चार महिन्यांत धार बारीक झाली आहे का, सुरुवात होण्यासाठी थांबावे किंवा जोर करावा लागतो का, लघवी होऊनही पूर्ण न झाल्यासारखी वाटते का. ओटीपोट दुखून फुगले आहे आणि लघवी अजिबात होत नाही, अशी वेळ आली तर मात्र सकाळची वाट न पाहता त्यांना रुग्णालयात न्यावे. ते झोपेची गोळी, मन शांत करणारे औषध किंवा मॉर्फिनच्या कुळातील वेदनाशामक घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण या औषधांच्या गुंगीत सेटिरिझिनची गुंगी मिसळते.

आणि मुळात त्यांची खाज हिस्टामिनची आहे का, हे कोणी तपासलेले दिसत नाही. उतारवयात त्वचेतील तेल आणि ओलावा कमी होऊन ती कोरडी पडते, आणि अशी खाज पाठीवर व नडग्यांवर विशेष येते. मूत्रपिंडाच्या विकारातही खाज येते. दोन्ही प्रकारांत हिस्टामिनचा वाटा थोडाच असल्याने अँटिहिस्टामिन गोळीचा उपयोगही बेताचाच होतो. पुष्कळदा तिने खाज थांबलेली नसते, माणूस गुंगीत गेल्यामुळे खाजवायचा थांबलेला असतो. कोमट पाण्याची थोडक्यात आंघोळ, साबणाचा कमी वापर आणि अंग ओलसर असतानाच दिवसातून दोनदा सुगंधरहित मलम लावणे, हा उपाय साधा वाटतो म्हणून तो कोणी नेटाने करत नाही. तो महिनाभर करून पाहावा. त्यानंतरही खाज राहिली तर तिचे कारण शोधणे हे डॉक्टरांचे काम आहे.

आता तुमच्याविषयी. आपल्या भाषेत अंगावर लाल, फुगीर, खाजऱ्या गांधी उठतात त्याला पित्त उठणे म्हणतात, आणि या शब्दामुळे अनेक जण आम्लपित्ताची औषधे घेत राहतात. या दुखण्याचा पोटातल्या पित्ताशी संबंध नाही. त्वचेमध्ये मास्ट नावाच्या पेशी असतात आणि त्यांच्यात हिस्टामिन साठवलेले असते. काही कारणाने, आणि बऱ्याचदा कोणतेही कारण न सापडता, या पेशी ते बाहेर टाकतात. ते जवळच्या रक्तवाहिन्यांवरील आणि मज्जातंतूंवरील एच-१ नावाच्या ग्राहकांना, म्हणजे रसायनाचा निरोप स्वीकारणाऱ्या जागांना, चिकटते, रक्तवाहिन्या पाझरू लागून गांधी फुगते आणि मज्जातंतू खाजेचा निरोप मेंदूकडे धाडतात. सेटिरिझिन मास्ट पेशींची साठवण रिकामी करत नाही आणि हिस्टामिन बाहेर पडणेही फारसे थांबवत नाही. ते ग्राहकाला धरून ठेवते आणि त्याला शांत अवस्थेत राखते. म्हणूनच गांधी उठून गेल्यावर घेतलेल्या गोळीपेक्षा, त्रास चालू असलेल्या काळात रोज ठरलेल्या वेळी घेतलेली गोळी अधिक उपयोगी पडते. आणि म्हणूनच ती आजार बरा करत नाही, लक्षणे दाबून धरते, हे लक्षात ठेवावे लागते. डॉक्टरांनी पंधरा दिवस लिहिले होते ते याच हिशेबाने. पुष्कळ लोकांचे पित्त काही आठवड्यांत आपोआप थांबते. ज्यांचे सहा आठवड्यांहून अधिक टिकते त्याला जुनाट म्हणतात, परंतु तेही बहुतेकांच्या बाबतीत काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी ओसरते. तुमचे आज शिल्लक आहे की नाही हे तुम्हाला ठाऊक नाही, कारण तीन वर्षांत गोळीशिवायचे सलग दिवस तुम्ही पाहिलेलेच नाहीत.

प्रवासातल्या त्या खाजेचे दोन अर्थ लागू शकतात. एक तर मूळ आजार अजून आहे आणि गोळी थांबताच त्याने डोके वर काढले. दुसरा अर्थ पूर्वी फारसा कोणी बोलून दाखवत नसे: दीर्घकाळ घेतलेले सेटिरिझिन अचानक थांबवल्यामुळेच खाज सुटते. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिन या दोन्ही औषधांबाबत याविषयी सूचना प्रसिद्ध केली. २०१७ ते २०२३ या काळात त्यांच्याकडे जगभरातून अशा २०९ नोंदी आल्या होत्या. बहुतेकांनी औषध अनेक महिने किंवा वर्षे रोज घेतले होते, ते थांबवल्यावर काही दिवसांतच तीव्र खाज सुरू झाली होती, आणि गोळी सुरू करण्याआधी खाजेचा त्रास नसलेली माणसेही त्यांत होती. हे औषध कोट्यवधी लोक घेतात हे लक्षात घेता हा परिणाम विरळच म्हणावा लागेल. पण तुमचे वर्णन, म्हणजे तीन वर्षांचा रोजचा वापर, तिसऱ्या दिवशी अंगभर खाज आणि गोळी घेताच आराम, त्याच्याशी पुरेपूर जुळते.

याला व्यसन म्हणायचे का? मी म्हणणार नाही. व्यसनात पदार्थाची ओढ असते, मात्रा वाढवत न्यावीशी वाटते, त्यातून सुख मिळते आणि त्यापायी बाकीची कामे मागे पडतात; यातले काहीही सेटिरिझिनमुळे होत नाही. दीर्घकाळ दाबून ठेवलेले ग्राहक औषध निघून गेल्यावर काही दिवस अधिक संवेदनशील होत असावेत, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. शरीराने औषधाशी जुळवून घेतले आहे आणि ते काढून घेताना त्याला थोडा वेळ द्यायला हवा, इतकाच याचा व्यवहारातला अर्थ. व्यसन या शब्दाने मनात जी अपराधाची भावना येते ती बाजूला ठेवलीत, तर पुढचे काम सोपे होईल.

ते काम म्हणजे गोळी हळूहळू कमी करणे. यासाठी सर्वमान्य असे एकच वेळापत्रक नाही. सूचनेत उल्लेखलेल्या रुग्णांपैकी गोळी पुन्हा सुरू केलेल्या बहुतेकांची खाज थांबली, आणि नंतर ती टप्प्याटप्प्याने कमी केल्याचा काहींना उपयोग झाला. माझा सल्ला असा की तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या सहमतीने १० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर यावे, तिथे दोन-तीन आठवडे थांबावे, मग दिवसाआड घ्यावी, आणि खाज सुटल्यास एक पायरी मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करावा. घाईचे काही कारण नाही. या काळात एका वहीत रोज दोनच गोष्टी लिहा: आज गांधी उठल्या का, आणि नुसतीच खाज आली का. गांधी उठत असतील तर मूळ आजार अजून आहे असे मानून उपचार पुन्हा आखावे लागतील. कोरी खाज दोन-चार आठवड्यांत विरत गेली तर तुमची गोळी कदाचित कायमची सुटेल. गांधी उठत असल्यास त्यांची छायाचित्रे काढून ठेवा, कारण डॉक्टरांकडे जाण्याच्या दिवशी त्या हमखास नाहीशा झालेल्या असतात. एखादी गांधी त्याच जागी चोवीस तासांहून अधिक राहिली, खाजेपेक्षा दुखत असली किंवा जाताना काळानिळा डाग मागे ठेवत असली, तर तो वेगळा आजार असू शकतो आणि त्यासाठी तपासण्या लागतात. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांसारख्या वेदनाशामकांनी काही जणांचे पित्त भडकते, तेव्हा डोकेदुखीसाठी घेतलेली गोळीही वहीत नोंदवत जा.

अधूनमधून दोन गोळ्या घेण्याविषयी मी तुम्हाला घाबरवणार नाही. जुनाट पित्तासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येच असे म्हटले आहे की नेहमीच्या मात्रेने भागत नसेल तर नव्या पिढीच्या अँटिहिस्टामिनची मात्रा तज्ज्ञाच्या देखरेखीखाली चौपटीपर्यंत वाढवता येते. मात्र या वाक्यातला ‘तज्ज्ञाच्या देखरेखीखाली’ हा भाग शोभेचा नाही. मात्रा वाढवण्याआधी ते मूत्रपिंडांचा विचार करतात, बाकीची औषधे पाहतात आणि ठरावीक आठवड्यांनी उपयोग होतो आहे का हे तपासून मात्रा उतरवतात किंवा औषध बदलतात. देखरेख नसताना प्रौढ व्यक्तीने दिवसाला १० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये. एखादी गोळी घ्यायची राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करण्याची गरज नसते.

दुहेरी मात्रेचा एक छुपा मार्गही आहे आणि त्यात शिकलीसवरलेली माणसेही फसतात. लेव्होसेटिरिझिन हे सेटिरिझिनहून वेगळे औषध नाही. सेटिरिझिनमध्ये एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असावीत असे दोन रेणू मिसळलेले असतात, त्यांतला प्रभावी तेवढा वेगळा काढला की लेव्होसेटिरिझिन होते. त्यामुळे त्याचे ५ मिलिग्रॅम हे सेटिरिझिनच्या १० मिलिग्रॅमच्या तोडीचे असतात. सर्दीच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या अनेक मिश्र गोळ्यांमध्ये ते असते, आणि बऱ्याच मिश्र औषधांमध्ये क्लोरफेनिरामिन असते. रोजची सेटिरिझिन चालू असताना सर्दीसाठी अशी मिश्र गोळी घेतली की नकळत दोन अँटिहिस्टामिन पोटात जातात. पाकिटाच्या दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत असते ते व्यापारी नाव. बारीक अक्षरांतले घटक वाचायची सवय लावून घ्या.

दुष्परिणामांत पहिला आणि खरा म्हणजे झोप. जाहिरातींमुळे सेटिरिझिनने झोप येत नाही असा समज रूढ झाला आहे, पण तो अर्धाच खरा आहे. जुन्या पिढीच्या औषधांइतके ते मेंदूत शिरत नाही, तरी थोडे शिरते. अमेरिकेतील चाचण्यांत १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांनी झोप येत असल्याचे सांगितले, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. माझ्या विद्यार्थिदशेत परीक्षेच्या सकाळी शिंका आवरण्यासाठी मी क्लोरफेनिरामिनची एक गोळी घेतली आणि अँटिहिस्टामिन औषधांवरच्याच प्रश्नाचे उत्तर लिहिता लिहिता उत्तरपत्रिकेवर मान टेकवली. त्या पिढीच्या गोळीपुढे सेटिरिझिन सौम्यच. पण वाहन चालवणाऱ्याने किंवा यंत्रावर काम करणाऱ्याने आपल्याला त्याने झापड येते की नाही हे सुट्टीच्या दिवशी आजमावून पाहावे, आणि औषध चालू असताना मद्य टाळावे. रात्री घेतलेल्या गोळीचा जडपणा सकाळपर्यंत रेंगाळू शकतो, आणि आपण मंदावलो आहोत हे स्वतःला नेहमी जाणवतेच असे नाही. बाकी तोंडाला कोरड, थकवा, डोकेदुखी आणि क्वचित मळमळ हे परिणाम सहसा सौम्य असतात. हे औषध हायड्रॉक्झिझिन नावाच्या जुन्या औषधापासून शरीरात तयार होणारा पदार्थ आहे, त्यामुळे ज्यांना हायड्रॉक्झिझिनची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी सेटिरिझिन घेऊ नये.

झोपेचा त्रास होत असेल तर फेक्सोफेनाडिन आणि लोराटाडिन हे पर्याय आहेत. फेक्सोफेनाडिन मेंदूत जवळजवळ शिरतच नाही. मात्र ते संत्रे, सफरचंद किंवा ग्रेपफ्रूट यांच्या रसाबरोबर घेतल्यास त्याचे शोषण कमी होते, म्हणून ते साध्या पाण्याबरोबर घ्यावे. या औषधाची जन्मकथा सांगण्यासारखी आहे: टर्फेनाडिन नावाचे झोप न आणणारे अँटिहिस्टामिन एके काळी फार लोकप्रिय होते, पण यकृतातले त्याचे विघटन दुसऱ्या औषधांमुळे अडले की हृदयाचे ठोके जीवघेण्या पद्धतीने बिघडत, म्हणून १९९८ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेले, आणि शरीरात त्याच्यापासून तयार होणारा निरुपद्रवी घटक फेक्सोफेनाडिन या नावाने त्याच्या जागी आला. वडिलांसाठी मात्र ही अदलाबदल तुम्ही परस्पर करू नका. मूत्रपिंडे मंदावलेली असताना या दोन्ही औषधांचीही मात्रा जुळवून घ्यावी लागू शकते.

तुमच्या मुलाच्या बाबतीत चूक दुहेरी आहे. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी सेटिरिझिनची मात्रा एका वेळी २.५ मिलिग्रॅम असते आणि दिवसभरात ५ मिलिग्रॅमच्या पुढे जायचे नसते. तुमची अर्धी गोळी म्हणजे ५ मिलिग्रॅम, अर्थात संपूर्ण दिवसाची कमाल मात्रा एका घोटात. शिवाय हाताने मोडलेल्या गोळीचे दोन तुकडे क्वचितच समान होतात. या वयात पातळ औषध द्यावे आणि तेही त्याच्यासोबत आलेल्या मापानेच, कारण स्वयंपाकघरातले चमचे लहानमोठे असतात. बाटलीवर दर ५ मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते पाहून मग मापाचा हिशेब करावा. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना सामान्यतः ५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा किंवा दोनदा देतात, आणि बारा वर्षांनंतर प्रौढांची मात्रा चालते. दोन वर्षांखालील बाळाला डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय हे औषध देऊच नये. मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: मात्रा जास्त झाली तर मूल आधी गुंगण्याऐवजी चिडचिडे आणि बेचैन होऊ शकते, आणि मग घरचे त्याला शांत करण्यासाठी आणखी औषध देण्याचा विचार करतात. मुलाने बाटली तोंडाला लावली असे कळले तर किती गेले याचा अंदाज घेऊन लगेच रुग्णालयात जावे. सेटिरिझिनला उतारा असे वेगळे औषध नाही, देखरेख हाच उपचार असतो.

दुसरी चूक अशी की साध्या सर्दीसाठी ते देण्यात फारसे हशील नाही. सर्दी विषाणूंमुळे होते आणि तिच्यातल्या नाक वाहण्यात हिस्टामिनचा भाग थोडा असतो. अ‍ॅलर्जीच्या सर्दीत सलग शिंका येतात, नाक व डोळे खाजतात, पाण्यासारखे नाक वाहते, ताप नसतो आणि हे आठवडेच्या आठवडे चालते. तिथे सेटिरिझिन तासाभरात गुण दाखवते. चोंदलेले नाक मात्र त्याने फारसे मोकळे होत नाही. ज्यांचा मुख्य त्रास नाक चोंदण्याचा आहे त्यांना डॉक्टर नाकात फवारायची स्टेरॉइडची औषधे देतात आणि ती अधिक गुणकारी असतात. तुमच्या मुलाची सर्दी आठ-दहा दिवसांत जात असेल तर ती गोळीने गेली असे समजू नका. मिठाच्या पाण्याचे थेंब, भरपूर पातळ पदार्थ आणि विश्रांती एवढ्यावर ती तशीही गेली असती.

घरात तीन-तीन माणसे ही गोळी घेत असताना एक गोष्ट तुम्हा सर्वांना ठाऊक असलीच पाहिजे. गांधी उठण्याबरोबर ओठ, जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, धाप लागली, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, वारंवार उलट्या झाल्या किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपू लागली, तर ती तीव्र अ‍ॅलर्जीची आणीबाणी असते, आणि अशा वेळी सेटिरिझिन देऊन गुण येण्याची वाट पाहणे घातक ठरते. गोळीला काम सुरू करायलाच बराच वेळ लागतो, आणि ती सुजलेला श्वासमार्ग उघडत नाही की कोसळणारा रक्तदाब सावरत नाही. तेव्हा उपयोगी पडते ते मांडीच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन. रुग्णाला आडवे झोपवावे, पाय थोडे उंच ठेवावेत, धाप लागत असेल तर बसू द्यावे, पण उभे करू नये किंवा चालवू नये, आणि रुग्णवाहिका बोलवावी. असा प्रसंग एकदा घडला असेल तर अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन जवळ बाळगण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाल तेव्हा घरातली सगळी औषधे, मिश्र गोळ्यांच्या पाकिटांसह, एका पिशवीत घालून न्या आणि अ‍ॅलर्जीची त्वचाचाचणी करायची असे ठरले तर तीन वर्षे रोज सेटिरिझिन घेत आहात हे आधीच सांगा. चाचणीपूर्वी साधारण आठवडाभर ते बंद ठेवावे लागते, नाहीतर त्वचा प्रतिसादच देत नाही आणि निकाल खोटा येतो. तुमच्या बाबतीत हा आठवडा खाजेचा जाण्याची शक्यता असल्याने मात्रा आधीपासून उतरवत आणावी लागेल. वडिलांचे डॉक्टर वेगळे असतील तर त्यांची भेट आधी घ्या, आणि जाताना ईजीएफआरचा अहवाल न विसरता न्या. तुमची स्वतःची गोळी तुमच्या भेटीपर्यंत रोज एक, ठरलेल्या वेळी, तशीच चालू ठेवा. दुसरी घेऊ नका आणि एकाएकी बंदही करू नका.